सगळं पाठ आहे, तरी निबंधाला सहापैकी दोन

प्रश्न एका आईचा आहे. दीड वर्षापूर्वी हे कुटुंब पुण्याहून न्यू जर्सीत आलं. मुलगी आता अकरावीत. तिकडे इतिहास-नागरिकशास्त्रात तिचा हात धरणारं वर्गात कोणी नव्हतं, म्हणून इथे हौसेने ए.पी. गव्हर्नमेंट घेतलं, म्हणजे हायस्कुलातच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा अमेरिकन राज्यव्यवस्थेचा विषय. सत्तावीसच्या सत्तावीस घटनादुरुस्त्या तोंडपाठ, अभ्यासक्रमातले सर्वोच्च न्यायालयाचे चौदाही खटले सालांसकट पाठ, आणि तरी निबंधाला सहापैकी दोन गुण. शिक्षकांचा शेरा : ‘माहिती भरपूर, युक्तिवाद नाही.’ मुलगी विषय सोडायचं म्हणते आहे. आई विचारते, सोडू द्यावा का? आणि पुढे कॉम्प्युटर सायन्सच करायचं असेल, तर या विषयापायी एवढी जागरणं कशाला?

ताई, सोडू देऊ नका. माझी शाळा साताऱ्यात झाली आणि गेली एकोणीस वर्षं मी मध्य न्यू जर्सीतल्या एका पब्लिक हायस्कुलात हाच विषय शिकवते. दरवर्षी तुमच्या लेकीसारखी दोन-तीन मुलं वर्गात असतात. त्यांचा अभ्यास कधीच कमी पडत नाही. आपल्याकडे नागरिकशास्त्राचं पुस्तक जे झालं ते सांगतं : घटना अशी आहे, सदस्य इतके आहेत, अधिकार हे आहेत. ते पाठ करणं चुकीचं नाही, पाठांतर ही तिची जमेची बाजूच आहे. पण अमेरिकन राज्यव्यवस्था इथे भांडण म्हणून शिकवतात. एकाच प्रश्नावर दोन शहाणी माणसं समोरासमोर उभी आहेत, दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि विद्यार्थ्याने मध्ये उभं राहून कौल द्यायचा आहे. तुमच्या मुलीला दोघांची नावं माहीत आहेत, जन्मगाव माहीत आहे. ते भांडतात कशावरून, हे तिला अजून कोणी दाखवलेलं नाही.

त्याआधी एक अडथळा दूर करायला हवा. तो फक्त भारतातून आलेल्या मुलांनाच येतो आणि इथल्या शिक्षकांच्या तो लक्षातही येत नाही. आपण ‘सरकार’ म्हणतो तेव्हा मनात काय असतं? पंतप्रधान, त्यांचं मंत्रिमंडळ आणि त्यांच्या मागे लोकसभेतलं बहुमत. बहुमत गेलं की सरकार पडतं. इथे काही पडत नाही. राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी वेगळा निवडून येतो, काँग्रेस, म्हणजे इथली संसद, वेगळी निवडून येते आणि काँग्रेसचा सभासद असताना मंत्रिपद घेता येत नाही; घटनेच्या पहिल्याच कलमात तशी मनाई आहे. त्यामुळे ‘महाभियोग म्हणजे अमेरिकेतला अविश्वास ठराव’ हे वाक्य, जे मी दरवर्षी एकदा तरी कोणाच्या तरी वहीत लाल शाईने खोडते, मुळातच चूक आहे. अविश्वास ठरावाला कारण लागत नाही, बहुमत पुरतं. महाभियोगाला आरोप लागतो. हाऊस या कनिष्ठ सभागृहात साध्या बहुमताने आरोप ठेवले जातात आणि दोषी ठरवायला सिनेट या वरिष्ठ सभागृहात दोन तृतीयांश मतं लागतात. आजवर तीन राष्ट्राध्यक्षांवर मिळून चारदा महाभियोग चालला : १८६८, १९९८, २०१९ आणि २०२१. सिनेटने एकालाही दोषी ठरवलेलं नाही.

तसंच पक्षाचं. आपल्याकडे १९८५ पासून दहावी अनुसूची आहे, पक्षाचा व्हिप मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. इथे तसा कायदाच नाही. म्हणून ‘पक्षाचं बहुमत आहे, म्हणजे विधेयक मंजूर होणार’ असं उत्तर लिहिलं की गुण गेले. बहुमत असूनही स्वपक्षाचा एखादा सिनेटर अडून बसतो, आणि सिनेटमध्ये बहुतेक विधेयकांवरची चर्चा थांबवायलाच शंभरातले साठ लागतात. निवडणूक आयोगाची गोष्टही अशीच. साऱ्या देशाची मतदानयंत्रणा चालवणारा एकच आयोग इथे शोधू नये. निवडणुका राज्यं आणि काउंट्या चालवतात आणि बहुतेक राज्यांत मतदारसंघांच्या रेषाही विधिमंडळातले राजकारणीच आखतात. पुण्याच्या मुलीला हे धक्कादायक वाटतं. वाटू द्या. त्या धक्क्यातूनच ती टेनेसीच्या बेकर खटल्याकडे जाईल. तिथे १९०१ पासून साठ वर्षं मतदारसंघ नव्याने आखलेच नव्हते, आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असा वाद न्यायालयात येऊ शकतो.

या फरकाचं सर्वांत स्वच्छ विवेचन मला बाबासाहेब आंबेडकरांकडे मिळालं. घटनेचा मसुदा मांडताना, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, त्यांनी घटना समितीसमोर अमेरिकन आणि संसदीय पद्धती शेजारी ठेवल्या. लोकशाहीतल्या कार्यकारी मंडळाला स्थैर्य हवं आणि जबाबदारीही हवी. दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही. अमेरिकन पद्धत स्थैर्य जास्त देते, संसदीय पद्धत जबाबदारी जास्त देते, आणि आम्ही जबाबदारी निवडली, असा तो युक्तिवाद. बोलणारा माणूस १९१३ ते १९१६ अशी तीन वर्षं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेला होता, अमेरिका त्याने जवळून पाहिली होती. मुलीला ते भाषण वाचायला द्या. युक्तिवाद कसा बांधतात हे तिला आपल्याच माणसाकडून दिसेल : दोन्ही बाजूंचं श्रेय मान्य करायचं, मग एक निवडायची आणि का निवडली ते सांगायचं. ए.पी.चा परीक्षक निबंधात हेच शोधतो.

आता मूळ भांडणाकडे येऊ. अभ्यासक्रमात नऊ पायाभूत दस्तऐवज आहेत. ते यादीच्या क्रमाने वाचू नयेत, जोड्या लावून वाचावेत. पहिली जोडी दोन लेखांची : नव्या घटनेच्या विरोधातला ब्रूटस क्रमांक १ आणि तिच्या बाजूचा फेडरलिस्ट क्रमांक १०.

प्रसंग असा आहे. स्वातंत्र्ययुद्ध संपलं आहे, तेरा राज्यं एका ढिल्या करारनाम्याने बांधलेली आहेत. त्या करारनाम्याखाली काँग्रेस राज्यांकडे पैसे मागू शकते, कर बसवू शकत नाही. करारनामा बदलायचा तर तेराच्या तेरा राज्यं राजी हवीत. १७८६ साली पश्चिम मॅसॅच्युसेट्समधले कर्जात बुडालेले शेतकरी उठले. त्यांच्यातले कितीतरी कालपर्यंत स्वातंत्र्याचे सैनिक होते. जप्तीचे हुकूम निघू नयेत म्हणून त्यांनी न्यायालयंच बंद पाडली. डॅनियल शेज हा त्यांचा पुढारी. काँग्रेसकडे फौज उभारायला पैसा नव्हता. शेवटी बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली आणि राज्याच्या फौजेने बंड मोडलं. पुढच्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात पंचावन्न प्रतिनिधी बंद दाराआड बसले आणि १७ सप्टेंबर १७८७ रोजी नवी घटना बाहेर आली. ती राज्यांनी स्वीकारायची की नाही, यावर न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत जे जुंपलं, ते आज तुमच्या मुलीच्या पुस्तकात आहे.

ब्रूटस आधी बोलला, १८ ऑक्टोबरला. हे टोपणनाव आहे. लेखक बहुधा न्यायाधीश रॉबर्ट येट्स. त्याचं म्हणणं मी मुलांना मराठी वळणाने सांगते तेव्हा ते लगेच पोचतं : एवढा अवाढव्य देश, दूरवर बसलेले मूठभर प्रतिनिधी, त्यांना माझ्या गावची नड कशी कळणार? ज्याला मी ओळखत नाही, त्याच्यावर विश्वास कसा ठेवू? शिवाय घटनेत दोन वाक्यं अशी आहेत की त्यांतून राज्यं हळूहळू गिळली जातील. एक म्हणतं, काँग्रेसला ‘आवश्यक आणि योग्य’ ते सगळे कायदे करता येतील. दुसरं म्हणतं, संघाचा कायदा श्रेष्ठ. मॉन्टेस्क्यूचा हवाला देऊन तो बजावतो की प्रजासत्ताक लहान भूमीवरच टिकतं. आणि एकदा दिलेली सत्ता लोकांना परत मिळत नाही, मिळाली तर बळानेच.

घटनेच्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या जेम्स मॅडिसनचा फेडरलिस्ट क्रमांक १० महिनाभराने आला, २२ नोव्हेंबरला. त्याचा मुद्दा गटतटांचा. ज्याने गावची निवडणूक पाहिली आहे त्याला हा लेख समजावून सांगावा लागत नाही. माणसं आहेत तोवर तट पडणार, आणि सर्वांत टिकाऊ तट संपत्तीच्या असमान वाटपातून पडतात. ते नाहीसे करायचे तर एक तर स्वातंत्र्य काढून घ्या, नाही तर सगळ्यांची मतं एकसारखी करा. पहिला उपाय रोगापेक्षा वाईट, दुसरा अशक्य. मग करायचं काय? प्रदेश मोठा करा. लहान जागी एकच तट बहुमत जमवतो आणि उरलेल्यांना दाबतो. मोठ्या देशात इतके तट असतील की कोणा एकाला सगळं बळकावता येणार नाही. म्हणजे ब्रूटसला ज्या मोठेपणाची भीती वाटते, त्यातच मॅडिसनला औषध दिसतं. सगळा विषय इथे उघडतो.

तुमच्या मुलीला माझी पहिली कामगिरी ही : एक आठवडा फक्त ब्रूटसच्या बाजूने लिहायचं. मॅडिसनचं नावही नाही. आणि पहिला मसुदा मराठीत लिहायचा. हे मी अनुभवाने सांगते. सोळाव्या वर्षी देश बदललेल्या मुलीचा विचार मराठीत चालतो; इंग्रजीत लिहायला बसली की तिचं सगळं लक्ष वाक्य शुद्ध येण्याकडे जातं आणि पाठ केलेली वाक्यं तेवढी बाहेर पडतात. रात्री जेवताना तुम्ही मॅडिसन व्हा, तिला ब्रूटस होऊ द्या. तिने तुम्हाला निरुत्तर केलं की समजा, निबंध तयार झाला.

तयार झाला म्हणजे कसा, ते दाखवते. विषय धरू : संघसरकारकडे जास्त सत्ता असणं नागरिकांच्या हक्कांना हिताचं की अहिताचं? दोन गुणांचं उत्तर साधारण असं असतं : ‘फेडरलिस्ट क्रमांक १० मॅडिसन यांनी १७८७ मध्ये लिहिला. त्यात गटांविषयी माहिती आहे. पंधरावी घटनादुरुस्ती १८७० मध्ये झाली व तिने मतदानाचा हक्क दिला. यावरून संघसरकारचे महत्त्व दिसून येते.’ एकही वाक्य खोटं नाही. पण एकही वाक्य पुढच्या वाक्याला हात देत नाही.

आता हे पाहा : ‘हक्कांवर घाला पुष्कळदा जवळच्या सत्तेकडून येतो, म्हणून त्यांच्या रक्षणाचा अधिकार मोठ्या, दूरच्या सत्तेकडे असणं हिताचं. लहान राज्यात एक तट सहज बहुमत जमवून इतरांना दाबतो, असं मॅडिसन सांगतो. यादवी युद्धानंतरचा पुनर्रचनेचा काळ १८७७ साली संपल्यावर दक्षिणेत हेच घडलं. पंधरावी घटनादुरुस्ती कागदावर असताना राज्यांनी साक्षरतेच्या चाचण्या आणि मतदान कर लावून काळ्या नागरिकांचं मत हिरावलं, आणि ते परत मिळायला १९६५ साली संघाच्या काँग्रेसला मतदान हक्क कायदा करावा लागला. दूरचं सरकार माणसांना ओळखत नाही, ही ब्रूटसची भीती खोटी नाही. १९४२ नंतर जपानी वंशाच्या लाखाहून अधिक माणसांना छावण्यांत डांबलं ते संघसरकारनेच. पण त्या अन्यायाची कबुली आणि भरपाईही १९८८ साली संघाच्याच कायद्याने दिली, कारण देशभरातल्या मतदारांपुढे तो प्रश्न मांडता आला. एखाद्या राज्यापुरत्या बहुमताच्या हातात तो राहिला असता, तर दाद मागायला जागा उरली नसती.’

यात माहिती पहिल्या उत्तराहून फार जास्त नाही. फरक ‘म्हणून’, ‘कारण’ आणि ‘पण’ या तीन शब्दांचा आहे. पहिल्याच वाक्यात बाजू घेतली आहे, पुरावा त्या बाजूला बांधला आहे, आणि ब्रूटसला त्याच्या सर्वांत बळकट मुद्द्यासह बोलू दिलं आहे. विरोधी बाजूला उत्तर देण्याचा निबंधात स्वतंत्र गुण असतो. मुलं तिथे ‘काही लोकांना हे पटणार नाही’ एवढं लिहून सुटू पाहतात. त्याला गुण मिळत नाही.

खटल्यांकडे पाहायची रीतही हीच. साल लक्षात नसलं तरी चालेल. न्यायालयाने कोणत्या कारणाने तसा निकाल दिला, ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. परीक्षेत एक अनोळखी खटला देतात आणि चौदातल्या एकाशी ताडून पाहायला सांगतात. तिथे निव्वळ पाठांतर उघडं पडतं. मी सुरुवात नेहमी टिंकरपासून करते, कारण त्यात मुलं आहेत. डिसेंबर १९६५, आयोवातलं डे मॉईन. व्हिएतनाम युद्धाचा निषेध म्हणून काही विद्यार्थी दंडाला काळी फीत बांधून शाळेत गेले, त्यांत तेरा वर्षांची मेरी बेथ टिंकर होती. शाळेने घरी पाठवलं. १९६९ साली न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला : शाळेच्या फाटकाशी घटनात्मक हक्क उतरवून ठेवावे लागत नाहीत, शाळेच्या कामात ठोस आणि मोठा व्यत्यय येत असेल तरच बंदी घालता येईल. आता याच्या शेजारी २००७ चा मोर्स खटला ठेवा. अलास्कात एका विद्यार्थ्याने शालेय कार्यक्रमात अमली पदार्थांची भलामण वाटेल असा फलक धरला आणि न्यायालयाने शाळेला शिक्षा करू दिली. मग २०२१ चा माहनॉय : पेनसिल्व्हेनियातल्या एका मुलीने शनिवारी, शाळेबाहेर, स्नॅपचॅटवर शाळेला शिव्या हासडल्या, तिला चीअरलीडिंगच्या संघातून काढलं, आणि आठ विरुद्ध एक मतांनी ती जिंकली. तिन्ही खटले भाषणस्वातंत्र्याच्या, म्हणजे पहिल्या घटनादुरुस्तीचे, तिन्हींत विद्यार्थी. मग निकाल का बदलला? तुमच्या मुलीने यावर अर्धं पान स्वतःच्या शब्दांत लिहिलं, की ‘खटल्यांची तुलना’ या प्रश्नाची भीती गेलीच म्हणून समजा.

आणि मॅकलक खटला वाचताना तिला ब्रूटसची आठवण करून द्या. १८१९ साली सरन्यायाधीश मार्शल यांनी ठरवलं की घटनेत बँकेचा शब्दही नसला, तरी ‘आवश्यक आणि योग्य’ या वाक्याच्या आधारे काँग्रेस बँक काढू शकते आणि मेरीलँड राज्य त्या बँकेवर कर लावू शकत नाही. ब्रूटसने बोट ठेवलं होतं तीच दोन वाक्यं! बत्तीस वर्षांपूर्वीची भीती निकालात उतरलेली पाहिली की मुलं जागेवर सावरून बसतात. उलट दिशेचा खटला लोपेझ, १९९५. शाळेजवळ बंदूक बाळगण्याला बंदी करणारा संघाचा कायदा पाच विरुद्ध चार मतांनी रद्द झाला. बंदूक बाळगणं म्हणजे आंतरराज्य व्यापार नव्हे, असं न्यायालय म्हणालं. बाकी खटल्यांचं तिला सांगायची गरज नाही, ते तिला येतात.

ज्या भागासाठी मी हा विषय जीव लावून शिकवते, त्यावर आता थोडं जास्त बोलते. फिलाडेल्फियात जमलेल्या त्या माणसांनी गुलामांना लोकसंख्येत तीन पंचमांश मोजलं, १८०८ पर्यंत गुलामांच्या आयातीवर बंदी येणार नाही अशी तजवीज केली, पळालेला गुलाम मालकाला परत देण्याचं कलम घातलं. हे मुलांपासून लपवून अमेरिकन लोकशाही शिकवता येत नाही. आणि एवढंच सांगून थांबणंही अप्रामाणिक आहे, कारण या घटनेशी सर्वांत मोठं भांडण तिने ज्यांना बाहेर ठेवलं त्यांनी केलं, आणि ते तिच्याच शब्दांचा आधार घेऊन केलं. स्वतः गुलामगिरीतून सुटून आलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८५२ साली रॉचेस्टरमध्ये विचारलं, गुलामाला तुमचा चार जुलै, तुमचा स्वातंत्र्यदिन, म्हणजे काय? त्याच भाषणात त्यांनी घटनेला स्वातंत्र्याचा दस्तऐवज म्हटलं. आपल्या मुलांनी इथे जोतीराव फुल्यांना आणून बसवावं. १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण करताना जोतीरावांनी ते अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली त्यांना केलं, आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता घ्यावा म्हणून. पुण्यात बसून एक माणूस गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीच्या मागच्या माणसांकडे आशेने पाहत होता. चारच वर्षांनी दक्षिणेतून संघाची फौज मागे घेतली गेली आणि ती मुक्ती अर्धी राहिली. पुण्याच्या मुलीला या दोन तारखा शेजारी ठेवता येतात, तिच्या वर्गातल्या इतरांना नाही. तिने त्यांना सांगावं.

त्यानंतर मार्टिन ल्यूथर किंग यांचं अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या तुरुंगातलं पत्र वाचावं, एप्रिल १९६३ मधलं. बहुतेक मुलं त्याचा उपयोग ‘डॉ. किंग तुरुंगात गेले’ एवढ्यापुरता करतात. पत्राचा गाभा कायद्याच्या व्याख्येत आहे. बहुसंख्याक जो नियम अल्पसंख्याकांवर लादतात पण स्वतःला लावून घेत नाहीत, तो अन्याय्य. ज्यांना मतच दिलं नाही त्यांच्यावर लादलेला कायदाही अन्याय्य. हे मॅडिसनला दिलेलं उत्तर आहे. मॅडिसन म्हणाला होता, मोठ्या देशात बहुमताचा जुलूम जमणार नाही. किंग अलाबामात बसून दाखवतात की तो जमला, आणि शंभर वर्षं टिकला. ज्या निबंधात हे दोन दस्तऐवज असे समोरासमोर येतात, तो परीक्षकाला थांबून वाचावा लागतो.

एक छोटा अभ्यास घरी करून घ्या. चौदाव्या घटनादुरुस्तीचं पहिलं कलम उघडा आणि ‘नागरिक’ कुठे लिहिलंय, ‘व्यक्ती’ कुठे लिहिलंय, त्या शब्दांखाली रेघ मारायला सांगा. विशेषाधिकार नागरिकांचे आहेत. पण जीवित, स्वातंत्र्य, मालमत्ता आणि कायद्याचं समान संरक्षण ‘कोणत्याही व्यक्ती’ला आहे. १८८६ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका चिनी धोब्याला न्याय मिळाला तो या एका शब्दावर. १९८२ साली प्लायलर खटल्यात न्यायालयाने ठरवलं की कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही पब्लिक शाळेतून परत पाठवता येणार नाही, तेही याच शब्दावर. आणि १९२३ साली भगतसिंग थिंद यांना मात्र त्याच न्यायालयाने सांगितलं की हिंदुस्थानी माणूस ‘गोरा’ ठरत नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. ते दार १९४६ साली कायद्याने उघडलं. तुमच्या-आमच्या घरातलं व्हिसाचं, ग्रीनकार्डचं बोलणं मुलं रोज ऐकतात. त्या बोलण्याचं मूळ या पानावर आहे, हे कळलं की पाठांतराचं ओझं आपोआप हलकं होतं.

परीक्षेबद्दल थोडक्यात. ८० मिनिटांत ५५ बहुपर्यायी प्रश्न, नंतर १०० मिनिटांत चार लेखी उत्तरं; दोन्ही भागांना निम्मं निम्मं वजन. निबंधासाठी ४० मिनिटं राखून ठेवावीत. आलेखाच्या प्रश्नात जेवढं विचारलं तेवढंच लिहावं. ‘वर्णन करा’ म्हटलं असताना कारणं लिहीत बसू नये आणि ‘स्पष्ट करा’ म्हटलं असताना नुसता आकडा देऊ नये. मे महिन्यातली परीक्षा तिने जरूर द्यावी. गुण कुठल्या कॉलेजला पाठवायचे ते तिच्याच हातात असतं.

कॉम्प्युटर सायन्सचं विचारलंत. २०१८ चा कार्पेंटर खटला तिला वाचायला द्या. पोलिसांनी वॉरंट न घेता एका माणसाच्या मोबाइलच्या १२७ दिवसांच्या हालचाली कंपनीकडून मिळवल्या, १२,८९८ ठिकाणं. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालय म्हणालं, वॉरंट हवंच. ती नोंद ठेवणारी यंत्रणा कोणा इंजिनियरनेच लिहिली होती. पुढची तुमची मुलगी लिहील. तेव्हा अवाजवी झडतीपासून संरक्षण देणारी चौथी घटनादुरुस्ती तिला परकी असू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

पालक आणखी एक गोष्ट हळूच विचारतात, म्हणून लिहिते : ‘वर्गात राजकारण बोललेलं चालेल ना?’ या वर्गात कोणत्या पक्षाचे आहात असं मी कधी विचारत नाही, आणि आठवड्याला एकदा प्रत्येकाला न पटणाऱ्या बाजूने बोलायला लावते. मुलीला घरी गप्प बसवू नका. शक्य असेल तर एकदा गावातल्या स्कूल बोर्डाच्या सभेला घेऊन जा. तिथे नागरिकांना बोलायला वेळ राखून ठेवलेला असतो. शाळेची बस का बंद झाली यावर एखादे आजोबा पोटतिडकीने बोलतात आणि बोर्डाला ते ऐकून घ्यावं लागतं. ब्रूटसला हवं असलेलं जवळचं सरकार हेच. न्यू जर्सीत सोळा वर्षं पूर्ण झालेले विद्यार्थी मतदान केंद्रावर कामही करू शकतात, आणि नुअर्कमध्ये तर २०२५ पासून सोळा-सतरा वर्षांची मुलं स्कूल बोर्डासाठी मतदान करतात.

आणि एखाद्या शनिवारी गाडी काढून फिलाडेल्फियाला जा. नॅशनल कॉन्स्टिट्यूशन सेंटरमध्ये एका दालनात घटना समितीतल्या बेचाळीस जणांचे माणसाएवढे ब्राँझचे पुतळे आहेत, त्यांच्यामधून हिंडता येतं. एकोणचाळीस सही करणारे. उरलेले तीन शेवटपर्यंत बसले, पण त्यांनी सही केली नाही : जॉर्ज मेसन, एडमंड रँडॉल्फ, एल्ब्रिज गेरी. पुतळे त्यांचेही आहेत. मेसनची एक मोठी तक्रार अशी होती की या घटनेत हक्कांची सनद नाही. चार वर्षांनी, १७९१ साली, ती सनद घटनेत आली. मुलीला मेसनजवळ उभं करा आणि तिथेच वहीत एक परिच्छेद लिहू द्या, मराठीत चालेल : मी सही का करत नाही. तो मला पाठवा. शेरा मी देईन.